सभागृहे देखणी झाली, पण बोललेले ऐकू येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी नव्या सांस्कृतिक भवनात आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा झाली आणि परीक्षक म्हणून मी तेथे होतो. खाली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, दोन्ही बाजूंना काचेच्या सरकत्या खिडक्या, भिंतींना गुळगुळीत रंग आणि वर पीओपीचे नक्षीदार फॉल्स सीलिंग, असे ते कोणीही मान डोलवावी इतके देखणे सभागृह आहे. सातवीतील एक मुलगी सावित्रीबाईंवर बोलायला उभी राहिली. तिचे पाठांतर चोख होते, उच्चारही स्वच्छ होते. पण तिच्या एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढत होती आणि मागे बसलेल्या पालकांपर्यंत नुसता गलबला पोहोचत होता. संयोजकांनी नेहमीचा उपाय केला, म्हणजे माइकचा आवाज वाढवला, आणि त्याबरोबर गलबलाही वाढला. विजापूरचा गोलघुमट पाहायला लोक मुद्दाम प्रवास करून जातात. आम्हाला ती सोय गावातच झाली आहे.

मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे या प्रकाराचा दोष मी त्या मुलीला किंवा माइकवाल्याला देऊ शकत नाही. काँक्रीट, काच, घोटलेला गिलावा आणि फरशी हे पदार्थ त्यांच्यावर येऊन आदळलेल्या आवाजापैकी जेमतेम दोन-तीन टक्के शोषतात आणि उरलेला परत खोलीत फेकतात. पीओपीचे साधे छत याला अपवाद नाही. ‘फॉल्स सीलिंग केले आहे ना, मग आवाज कसा घुमेल?’ हा प्रश्न मला एका जबाबदार पदाधिकाऱ्याने विचारला, म्हणून हे स्पष्ट लिहितो. मिनरल फायबरच्या (खनिज तंतूंच्या) किंवा सच्छिद्र पत्र्यामागे ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरलेल्या ध्वनिशोषक टाइल्सचे काम वेगळ्या रीतीने चालते. त्यांच्यातील बारीक पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. आवाजाची लाट आत शिरली की त्या पोकळ्यांतील हवा तंतूंना घासत मागे-पुढे होते आणि लाटेची ऊर्जा अगदी किंचित उष्णतेच्या रूपाने तेथेच जिरते.

हे शास्त्र काही कालचे नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृह असेच निरुपयोगी ठरले, तेव्हा १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते दुरुस्त करण्याचे काम आले. त्याने जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री तेथे वाहून आणल्या आणि गाद्या वाढवत नेताना ऑर्गनच्या नळीचा सूर विरायला किती सेकंद लागतात, हे मोजले. रिकाम्या दालनात तो सूर सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. खोलीचे घनफळ जितके जास्त तितका आवाज अधिक वेळ घुमतो आणि शोषण जितके जास्त तितका कमी, हे त्याचे सूत्र आजही वापरले जाते. शोषण मोजण्यासाठी त्याने घेतलेले माप मला फार आवडते: उघडी खिडकी, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. आमच्या लहानपणीच्या कौलारू शाळेत मास्तरांचा आवाज का घुमत नसे, याचे निम्मे उत्तर त्या मापातच आहे.

याच सूत्राने मी एका साध्या वर्गखोलीचा हिशोब केला. लांबी ८ मीटर, रुंदी ६ मीटर, उंची ३ मीटर, खिडक्या मिटलेल्या आणि सर्व बाजू कठीण धरल्या, तर रिकाम्या खोलीत आवाज विरायला चार सेकंदांहून अधिक वेळ लागतो. चाळीस मुले बसली की तो एका सेकंदाच्या आसपास येतो, कारण मुलांचे कपडे आणि शरीरेही आवाज शोषतात. फक्त छताला बऱ्यापैकी ध्वनिशोषक टाइल्स लावल्या, तर तोच वेळ मुलांसह अर्ध्या सेकंदावर आणि रिकाम्या खोलीत पाऊण सेकंदाच्या आत येतो. अमेरिकेतील मानकात लहान वर्गखोलीसाठी ०.६ सेकंदांची मर्यादा आहे, हे पाहता हा लाडका हट्ट म्हणता येणार नाही. आमच्याकडे वर्गात शिक्षक घसा ताणतात आणि शेवटच्या बाकावरची मुले ‘लक्ष देत नाहीत’ म्हणून बोलणी खातात.

टाइल्स आणल्या म्हणजे काम झाले, असेही नाही. आमच्याच गावातील जुन्या सभागृहाला पूर्वी कोणा जाणकाराने छिद्रांच्या टाइल्स बसवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी रंगकामाच्या ठेक्यात त्यांच्यावर ऑइलपेंटचे दोन हात फिरवले गेले. मी शिडीवर चढून पाहिले, तर बहुतेक छिद्रांत टाचणीसुद्धा जाईना. पैसे खर्चून आणलेल्या टाइल्सची आपण पुन्हा पैसे खर्चून फरशी केली!

गैरसमज आणखीही आहेत. या टाइल्स खोलीतील घुमारा कमी करतात. बाहेरचा डीजे त्या थोपवत नाहीत, कारण त्यासाठी जड भिंत आणि बंद फटी लागतात. थर्मोकोल किंवा अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून फारसे काही साधत नाही. स्वस्तातला फोम तर त्याहून वाईट. २००३ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एका नाइटक्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतींवरील अशाच फोमने पेट घेतला आणि १०० माणसे मरण पावली. म्हणून टाइल्स घेताना आगीच्या चाचणीचे प्रमाणपत्र पाहिलेच पाहिजे.

राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत ध्वनिव्यवस्थेवर स्वतंत्र विभाग आहे, आणि सभागृहांच्या ध्वनिरचनेसाठीचे भारतीय मानक, आयएस २५२६, तर १९६३ पासून आहे. तरीही अंदाजपत्रकात झुंबराची ओळ असते आणि ध्वनिशोषणाची नसते. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या प्रत्येक सभागृहाच्या आणि शाळेच्या निविदेत आवाज किती सेकंदांत विरला पाहिजे, हा आकडा लिहावा आणि ताबा घेण्यापूर्वी तो मोजून पाहावा, एवढीच माझी मागणी आहे. टाइल्स स्लॅबला थेट न चिकटवता खाली अंतर सोडून टांगाव्यात, म्हणजे जाड, खर्जातला आवाजही काही प्रमाणात जिरतो. मोठ्या सभागृहात मागच्या भिंतीवरही ध्वनिशोषक पॅनेल हवेत, कारण व्यासपीठापासून वीस मीटरवरील भिंतीवर आपटून परतलेला शब्द वक्त्याला सेकंदाच्या नवव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो आणि तो स्वतःच्याच बोलण्यात अडखळतो.

जुन्या सभागृहाचे रंगकाम दिवाळीनंतर पुन्हा काढणार असल्याचे कळते. भिंती जरूर रंगवाव्यात. छताच्या बुजलेल्या टाइल्स मात्र या वेळी बदलाव्यात आणि नव्यांना ब्रश लावू नये, फक्त व्हॅक्यूमने धूळ काढावी, अशी संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक