लाइपझिगहून, आजीच्या खोकल्याबद्दल

प्रिय आई, बाबा, आजीला नमस्कार,

काल व्हिडिओ कॉलवर नेट सारखं तुटत होतं पण आजीचा खोकला मात्र नीट ऐकू येत होता, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. मी मजेत आहे. जेवण, थंडी, ट्राम सगळं नेहमीसारखंच, ते परत लिहीत नाही.

आई, आधी तुझी काळजी. मी दिवसभर रोगजंतू हुंगत बसते असं तू मावशीला सांगितलंस, ती बिचारी घाबरून मला फोन करत होती. तसं नाहीये गं. हवेत कोणते जंतू आहेत ते तपासायला आम्ही पंपाने हवा ओढतो, ती अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, बशीवर आदळते, त्यातलं जे जिवंत असेल ते तिथे चिकटतं आणि बशी उबेत ठेवली की एक-दोन दिवसांत ठिपके उगवतात, काही पांढरे, काही हळदी पिवळे, एखादा गुलाबी. खोलीतल्या हवेतले बरेचसे माणसाच्या कातडीवरचेच असतात, स्टॅफिलोकोकस, मायक्रोकोकस वगैरे, आणि बाहेरच्या हवेत माती न् झाडापानांवरचे जास्त. धडधाकट माणसाला त्यातल्या बहुतेकांचा काही त्रास नसतो. शिवाय बशा उघडायच्या त्या काचेच्या कॅबिनेटमध्येच, हातमोजे घालून. तेव्हा प्लीज, हे टेन्शन सोड.

मग त्यातली एक जात वेगळी काढून दुसऱ्या बशीवर पसरायची आणि वर अँटिबायोटिकच्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ गोल राहतो. नाही पडलं तर जंतू अगदी चकतीच्या कडेला टेकून वाढतात. पेनिसिलिनच्या चकतीला असे टेकलेले बघितले ना, तेव्हा आजोबाच आठवले. पिंपरीची एचए, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, 1954 साली डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिली ती आपल्या देशात पेनिसिलिन बनावं म्हणूनच, आणि आजोबा त्या नोकरीबद्दल किती अभिमानाने बोलायचे. फ्लेमिंगने तर 1945 च्या नोबेल भाषणातच सांगून ठेवलं होतं की औषध अपुरं घेतलं तर जंतू त्याला सरावतील. आणि तसंच झालं. 2019 या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या बॅक्टेरियामुळे जगात साधारण 12.7 लाख माणसं गेली असा अंदाज आहे.

बाबा, तुम्ही तो ‘हवेतून सुपरबग’वाला, म्हणजे औषधाला न जुमानणारे जंतू हवेतून येतात असा, फॉरवर्ड पाठवलात त्याबद्दल. अशा रेझिस्टन्सचे, म्हणजे औषधाला दाद न देण्याचे, जीन्स हवेतल्या बारीक धुळीवर, पीएम 2.5 वर सापडतात हे खरं आहे, हॉस्पिटलं, सांडपाण्याचे प्रकल्प, कोंबड्या-डुकरांचे फार्म यांच्या हवेतही सापडलेत. पण जंतू हवेत वाढत नाहीत, नुसता प्रवास करतात, त्यातले कितीतरी वाटेतच मरतात आणि मेलेल्याचा डीएनएसुद्धा आमच्या टेस्टमध्ये दिसतो. जीन सापडला म्हणजे माणूस आजारी पडला असं होत नाही. टीबीची गोष्ट वेगळी, तो खरोखरच हवेतून लागतो आणि औषधाला दाद न देणारा टीबीही तसाच लागतो.

इथली एक गोष्ट मला अजून पचत नाही. बाहेर शून्य डिग्री असली तरी ही माणसं हीटर बंद करून खिडक्या सताड उघडतात, फट ठेवून नाही, पूर्ण, समोरासमोरच्या दोन्ही, पाच-दहा मिनिटं, आणि दिवसातून दोन-तीनदा. भाड्याच्या करारातसुद्धा बऱ्याचदा हे लिहिलेलं असतं! घरं इतकी बंदिस्त की आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ आतच राहते आणि भिंतीला बुरशी धरते, हे त्यामागचं कारण. थोडाच वेळ उघडायच्या म्हणजे हवा बदलते पण भिंती गार होत नाहीत. ऑफिसमध्ये कोणी न सांगता उठून खिडकी उघडतो आणि बाकीचे स्वेटर ओढून गप्प बसतात, मला आधी वाटायचं काहीतरी जळलंय. पण आमच्या कामाच्या दृष्टीने ते एकदम बरोबर आहे, ताजी हवा आली की आतल्या जंतूंची दाटी कमी होते.

म्हणून सांगते, आजीची खोली सारखी बंद ठेवू नका. आई, गार वारा लागेल म्हणतेस ते कळतं, तिला शाल दे आणि दुपारी खिडकी उघड. पुण्यात या दिवसांत सकाळी नि संध्याकाळी धूर खाली बसलेला असतो, त्यात ट्रॅफिक, त्यामानाने दुपार बरी.

आणि बाबा, रागावू नका, पण कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून परत तीच अ‍ॅझिथ्रोची, त्या अँटिबायोटिकची, स्ट्रिप आणलीत. त्या पाकिटावर लाल रेघ असते ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणूनच. व्हायरल खोकला असेल तर तिचा काहीच उपयोग नाही, उलट अंगातले बाकीचे जंतू शहाणे होतात. दोन आठवडे झालेत आता, तिला थुंकी तपासायला न्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते आणि सीबीनॅट नावाच्या मशीनवरच्या तपासणीत टीबी आहे की नाही, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही, दोन्ही एकदमच कळतं. मी तिथे असते तर रिक्षा करून मीच घेऊन गेले असते, इथून नुसत्या सूचना करते याचं फार वाईट वाटतं. तसं घाबरण्यासारखं काही नसेलच.

बाकी, फ्लॅटच्या हप्त्याचे या महिन्याचे टाकलेत. दादाच्या हॉलचा अ‍ॅडव्हान्सही मी देते, एफडी मोडू नका. लग्नाला मी येतेय पण हळदीच्या आदल्या दिवशीच पोचेन, त्याआधी सुट्टी मिळत नाहीये, वहिनीच्या घरच्यांना नीट सांगा. आई, ते कोथरूडचं स्थळ... मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाहीये, पण माझं काँट्रॅक्ट वाढतंय का ते कळेपर्यंत माझी पत्रिका देऊ नकोस कोणाला. आजीला नातजावई बघायचाय हे मला माहितीये गं.

रिपोर्ट आला की आधी मला फोटो पाठवा, साड्यांचे नंतर.

तुमची,
मनू