सायकल विकता, मग हँगर कोण देणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला रोड बाईकवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, जांबोटी-चोर्ला रोडवर सकाळी सकाळी पोरं-पोरी सायकल मारताना बघून बरंच वाटतं. पण 'घेताना काय बघावं' म्हणून जी चौकट दिलीय त्यात फ्रेम कार्बनची की अल्युमिनियमची, ब्रेक डिस्क की रिम, हेल्मेट कुठलं, सगळं आहे आणि गाडी मोडली तर पार्ट कोण देणार याबद्दल एक अक्षर नाही. कालपासून तेच डोक्यात बसलंय.

आमच्या पोरीनं यंदा रोड बाईक घेतली. ट्यूशन घेऊन साठवलेले तिचे पैसे, वर थोडे माझे. साठ हजाराच्या वर गेली. बेळगावात तिच्या मापाची फ्रेम मिळेना म्हणून महाराष्ट्रातल्या एका शहरातल्या दुकानातून घेतली, पक्कं बिल, वॉरंटी कार्ड सगळं घेऊन. आणि नवी कोरी गाडी राजहंसगडाच्या चढाला लागली, किल्ल्याकडं जाणारा शेवटचा चढ कसा आहे तुम्हाला माहीतच आहे, तिथं तिनं चेन मागच्या चाकाच्या सगळ्यात मोठ्या स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चक्रावर टाकली तर मागचं डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, सरळ स्पोकमध्ये गेलं. हँगर मोडला, डिरेलर वाकलं, चेन अडकली. चढ होता, स्पीड नव्हता, म्हणून पोरगी पडली नाही. मागून टेम्पो येत असता तर?

हँगर म्हणजे फ्रेमच्या मागच्या टोकाला स्क्रूनं बसवलेला बोटाएवढा अल्युमिनियमचा तुकडा, डिरेलर त्याच्यावर लटकतं. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, मार बसला तर त्यानं वाकायचं, मोडायचं आणि फ्रेम वाचवायची. म्हणजे हा पार्ट कधी ना कधी मोडणार हे कंपनीला माहीत, दुकानदाराला माहीत. मग तोच दुकानात का ठेवत नाहीत? बरं, एकाचा दुसऱ्याला बसत नाही, प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा, भोकं वेगळ्या जागी. स्रॅम कंपनीनं २०१९ मध्ये सगळ्यांना चालेल असा एकच हँगर काढला खरा, पण फ्रेमच त्या हिशोबानं केलेली असावी लागते, पोरीच्या गाडीची तशी नाही.

दुकानात फोन केला तर पहिलं वाक्य, "सर, गाडी पाडली असणार, मुलींना चढावर गिअर टाकायला जमत नाही." हे स्पीकरवर, ती शेजारी बसलेली असताना. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आयुष्य घालवलंय, मोडलेला तुकडा बघितला की काय झालं असेल ते मला कळतं. गाडी उजवीकडं पडली असती तर उजव्या पेडलला, ब्रेक लिव्हरला, हँडलच्या टेपला कुठंतरी ओरखडा दिसला असता. एक नाही. खाचा आहेत त्या मोठ्या स्प्रॉकेटच्या मागच्या स्पोकना. गाडी कंपनीतून खोक्यात अर्धी जोडलेली येते, बाकीची दुकानात जोडतात, तेव्हा डिरेलरवरचा 'एल'चा स्क्रू सेट करायचा असतो, डिरेलर आत कुठवर जाईल ते त्याच्यावर. आमच्या गाडीचा तो स्क्रू ढिला होता. दोन मिनिटांचं काम. सगळे फोटो काढून पाठवले, त्यावर उत्तर आलं की 'वेअर अँड टेअर' वॉरंटीत येत नाही. टायर अजून गुळगुळीतसुद्धा झाले नाहीत आणि वेअर अँड टेअर!

पुढचं सीमाभागातल्या माणसाला नवीन नाही. दुकानदार म्हणे तुम्ही कर्नाटकातले, तिकडच्या डीलरकडं जा. इकडचा डीलर म्हणे बिल महाराष्ट्राचं आहे, आम्ही हात लावणार नाही. कंपनीला मेल केला, उत्तर आलं, जवळच्या डीलरला भेटा. सायकलला काय केए-२२ आणि एमएच-०९ च्या नंबर प्लेट असतात? रेशन कार्डापासून नोकरीपर्यंत इकडून तिकडं टोलवून घ्यायची आम्हाला सवय लागलीय, पण एका हँगरसाठी पण तेच?

शेवटी दोन तुकडे जुळवून माप घेतलं आणि मित्राच्या व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, ६०६१ जातीच्या अल्युमिनियममधून हँगर करून घेतला. डिरेलरच्या भोकाला एम-१० चा एक एमएम पिचचा बारीक आटा लागतो, साधा एम-१० दीड एमएमचा, तो चालत नाही, तसा आटा पाडायचा टॅप शोधण्यात एक संध्याकाळ गेली. बसवून चाकाशी समांतर आहे का ते गेजनं बघितलं, आता गिअर छान पडतात. ही हकिकत कंपनीला कळवली तर उत्तर काय, तुम्ही बाहेरचा पार्ट लावलाय, आता पूर्ण गाडीची वॉरंटी रद्द! स्वतः द्यायचा नाही आणि दुसऱ्यानं केलेला चालायचा नाही. मग पोरीनं गाडी भिंतीला टांगून ठेवायची का?

मी हे सोडणार नाही. 'तिकडचं दुकान आहे, केस तिकडंच करावी लागेल' असं मला चार जणांनी सांगितलं, ते खरं नाही, आणि तुमच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं तक्रार करता येते, म्हणजे वस्तू पुण्याची असो की दिल्लीची, तक्रार बेळगावात करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवता येते, ती मी नोंदवलीय.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि पार्टवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा सगळ्या दुकानांनी ऑफरचे बोर्ड लावले. आमचं मागणं त्याहून लहान आहे. रोड बाईक विकताना तिचा एक जादा हँगर गाडीबरोबर द्या, पाहिजे तर पैसे घ्या, लोक आनंदानं देतील. त्याचा नंबर बिलावर लिहा. आणि गाडी हातात देण्याआधी गिऱ्हाइकासमोर स्टँडवर चढवून सगळे गिअर टाकून दाखवा. लेखाच्या पुढच्या भागात ही चौकट टाका, फ्रेमच्या रंगापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

जाता जाता, मागे मी गटारीच्या जाळ्यांबद्दल पत्र पाठवलं होतं ते निम्मंच छापलंत, महत्त्वाचं गाळलंत. ते परत लिहितो. जाळीचे गज रस्त्याच्या दिशेनं उभे बसवलेत, रोड बाईकचं टायर २५-२८ एमएमचं असतं, ते सरळ फटीत जातं आणि चालवणारा हँडलवरून पुढं फेकला जातो. गज आडवे फिरवून बसवले की काम झालं, नवीन जाळी पण लागत नाही. आमच्या अनगोळच्या रस्त्यावर अजून तशाच आहेत, पोरगी रोज तिथूनच जाते. या वेळी पत्र कापू नका ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, अनगोळ, बेळगाव