'नकळत' कोणाच्या?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हळूहळू आणि लपून होणाऱ्या अपायाच्या बातम्यांमध्ये 'नकळत' हे क्रियाविशेषण हल्ली सर्रास येते. शब्दाविषयी तक्रार नाही, त्याच्या वाक्यातील वापराविषयी आहे. 'कारखानदाराने नकळत नाल्यात रसायन सोडले' आणि 'कारखानदाराने वस्तीच्या नकळत नाल्यात रसायन सोडले' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात तो अजाण ठरतो, दुसऱ्यात लबाड. 'कळणे' या क्रियापदात जाणणारा चतुर्थीत असतो (मला कळते, त्याला कळते) आणि 'नकळत' होताना तोच गळून पडतो. मग मागे 'वस्तीच्या', 'गावाच्या' अशी षष्ठी नसेल, तर वाचक ते अज्ञान सहजच कर्त्याच्या पदरात टाकतो आणि जाणूनबुजून केलेल्या कृत्याला अनवधानाची सबब मिळते. गोदावरीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याबद्दल असे वाक्य छापून आले, तर ही सबब कोणाच्या सोयीची ठरते, हे नाशिककरांना सांगायला नको. कर्ता निर्जीव असेल तेव्हा मात्र हा घोटाळा होत नाही. 'मधुमेह नकळत मूत्रपिंडे निकामी करतो' हे वाक्य निर्दोष आहे, कारण मधुमेहाला काही कळण्याचा प्रश्नच येत नाही.

'हळूहळू' केवळ गती सांगते. ताप हळूहळू उतरतो आणि कर्जही हळूहळू वाढते. त्याऐवजी काही जण 'व्यसन शरीराला हळुवारपणे पोखरते' असे लिहितात, ते तर वाचवत नाही. हळुवारपणे तान्ह्या मुलाला उचलतात. 'छुपेपणाने' म्हटले की हेतू आला, म्हणून तो शब्द माणसाच्या कृत्यासाठी राखून ठेवावा, रोगासाठी वापरू नये.

आमच्याकडे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत खोडकिडा लागतो. अळी खोडात शिरून आतला भाग खात जाते, वरून बराच काळ वेल धडधाकट दिसते आणि बुंध्याशी भुसा पडलेला दिसला की मग शेतकरी म्हणतो, 'झाड आतल्या आत पोखरलं.' कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याबद्दलही 'वरून टणक, पण आतून सडला' असेच बोलतात. या बोलण्यात अपाय कोठे झाला ते 'आतून' सांगते, कसा झाला ते 'पोखरणे' सांगते आणि वेगळ्या क्रियाविशेषणाची गरजच उरत नाही.

प्रत्येक बातमीत असे नेमके क्रियापद सापडेलच असे नाही, याची मला जाणीव आहे. तेव्हा 'नकळत' अवश्य छापावे. फक्त कर्ता माणूस किंवा संस्था असेल, तेव्हा ते कोणाच्या नकळत, हे आपल्या उपसंपादकांनी त्याच वाक्यात लिहावे, एवढी विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
नाशिक