केतकी, पट्टी डब्यात ठेवली आहे

नौपाडा, ठाणे
मंगळवार

प्रिय केतकी,

रविवारी तू डबा ओट्यावर तसाच ठेवून गेलीस. वालाचं बिरडं रात्री बाबांनी गरम करून खाल्लं, माझ्याशी बोलले नाहीत. फोनवर आपलं पुन्हा वाजेल म्हणून लिहायला बसले आहे. शनिवारच्या रात्रीबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवलंय. रात्री दीड वाजता एकटीने पोलीस ठाण्यात जायचं, फोन बंद, आणि पहाटे चारला दारात उभं राहायचं, यावर मला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं. जास्तच झालं. 'हे उद्योग तुला सांगितलेत कोणी' हे वाक्य मी मागे घेते.

पोलीस कोठडीत मार खाल्लेल्यांची वकिली करायचं जे काम तू धरलंस, त्यातलं अर्धं डॉक्टरचं आहे, म्हणून त्याबद्दल लिहिते. कायदा तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

आरोपीला रिमांडआधी, म्हणजे कोठडी मागायला कोर्टात उभं करण्याआधी, 'मेडिकल करून' आणतात, तेव्हा आत काय होतं ते बघ. कॅज्युअल्टीत रांग असते. हवालदार केसपेपर पुढे सरकवतो आणि आरोपीचा दंड धरूनच उभा राहतो. डॉक्टर टेबलापलीकडून विचारतात, 'काही त्रास?' तो मान हलवतो. कागदावर येतं, 'ताजी जखम नाही'. अंगातला शर्ट निघालेलाच नसतो. मीही घाईगर्दीत अशा ओळी लिहिल्या आहेत. पुढे त्या एका ओळीवर सगळं अडतं, कारण नंतर कितीही जखमा दाखवल्या तरी समोरून म्हणतात, पहिल्या तपासणीत नव्हत्या, मग आल्या कुठून?

म्हणून लेखी अर्ज दे, तोंडी विनंती नको. पोलिसांनी दाराबाहेर थांबावं, आतलं ऐकू येणार नाही इतकं लांब, आणि कपडे उतरवून पूर्ण अंग तपासावं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे डॉक्टरांना मारहाणीच्या खुणा आणि त्या अंदाजे कधीच्या, दोन्ही लिहावं लागतं. अहवालाची प्रत आरोपीला मिळते, पण ती मागणारे फार कमी. याच कलमात आता एक वाक्य वाढलं आहे: डॉक्टरांना गरज वाटली तर आणखी एक तपासणी करता येते. ते अधोरेखित करून डॉक्टरांपुढे ठेव.

दुसरी तपासणी का, ते सांगते. खोलवरचा मार पहिल्या दिवशी दिसतोच असं नाही. रक्त वर यायला एक-दोन दिवस लागतात, आणि सावळ्या कातडीवर लाली आधीच कमी कळते. काठीचा वळ ओळखायला सोपा: दोन समांतर लाल रेघा आणि मधे फिकट पट्टा. तळपायावर मारलेलं मात्र सहज निसटतं. तिथली कातडी जाड, फुटत नाही. म्हणून चपला काढायला सांगायचं, तळव्याची कमान दाबून बघायची, चार पावलं चालायला लावायचं. टाच टेकवत नसेल तर तसंच लिहायचं. रंगावरून दिवस मोजायच्या भानगडीत पडू नकोस. पिवळी छटा साधारण अठरा तासांच्या आत येत नाही, एवढंच भरवशाचं. बाकी जांभळा म्हणजे इतके दिवस, हिरवा म्हणजे तितके, असं छातीठोक लिहिलेलं उलटतपासणीत टिकत नाही.

आणि लघवीचा रंग विचारायचा. हे विसरू नकोस. मांड्यांवर, ढुंगणावर, पाठीवर फार मार बसला की स्नायू आतल्या आत चुरडतात, त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडायला लागतात. वरून एवढंसं काळं-निळं दिसत असतं. लघवी कोऱ्या चहासारखी होते, मग कमी होते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबतं. कागदावर मग हृदयविकार एवढंच उरू शकतं. कोठडीतल्या माणसाने 'लघवी काळी होतेय' म्हटलं की अर्ज, सुनावणी सगळं बाजूला ठेव, त्याला त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात हलवायला लाव. रक्तातलं सीपीके, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीची तपासणी. हे चार शब्द फोनमध्ये लिहून ठेव. वेळेत सलाइन लागलं तर माणूस वाचतो.

फोटो काढशील तेव्हा आधी एक लांबून, चेहरा आणि जखम एकत्र येईल असा, नाहीतर ती कोणाच्याही पाठीची म्हणतील. मग जवळून, कॅमेरा जखमेच्या बरोबर समोर धरून, फ्लॅश न मारता, शेजारी पट्टी ठेवून. मूळ फाइल कापायची नाही, व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत पुरावा म्हणून धरायची नाही. तुझ्या कंपासपेटीतली सहा इंची पट्टी सापडली, ती डब्यात ठेवली आहे. पाचवीच्या सहलीत येऊरला तू तिने सुरवंट मोजला होतास. चार सेंटिमीटर दोन मिलिमीटर. तो हलला म्हणून पुन्हा मोजलास आणि दोन्ही आकडे वहीत लिहिलेस, खाडाखोड न करता. बाई म्हणाल्या एकच लिही, तर तू ऐकलं नाहीस. तेव्हा मला तुझा राग आला होता, सगळी मुलं बसमध्ये बसली होती.

असो. तसेच दोन्ही आकडे लिही. शरीराची बाह्यरेखा काढ, पुढची आणि मागची. प्रत्येक खुणेला क्रमांक, लांबी-रुंदी, कोपरापासून किंवा गुडघ्यापासून किती अंतर. तो सांगेल ते त्याच्या भाषेत, त्याच्याच शब्दांत. 'पोलिसांनी मारलं' एवढ्यावर भागत नाही: कशाने, किती जण होते, कोणती खोली, फरशी की लादी, हात कसे बांधले होते. डॉक्टरांनी 'ही जखम सांगितलेल्या हकिगतीशी सुसंगत आहे का' याचं उत्तर द्यायचं असतं. छळाच्या खुणा कशा तपासायच्या आणि नोंदवायच्या ते सांगणारा इस्तंबूल प्रोटोकॉल आहे, त्यात या उत्तराच्या पायऱ्या दिल्या आहेत, विसंगत इथपासून दुसऱ्या कशानेही न होणारी इथपर्यंत. १९९९चा दस्तऐवज, २०२२मध्ये सुधारलेला. तुझ्या सीनियरांकडे असेलच. आणि एकदा विचारलेलं चारदा विचारू नकोस. त्याला प्रत्येक वेळी ते पुन्हा भोगावं लागतं. पाणी दे, थांबू दे. तक्रार आज करायची की न्यायालयीन कोठडी मिळून तुरुंगात गेल्यावर, हे त्याला ठरवू दे, कारण रात्री परत त्याच खोलीत त्याला झोपायचं असतं.

हे फारच शिकवणं झालं. चिडू नकोस. तुला यातलं निम्मं माहीत असेल.

पण एक बघ. अटकेच्या मेमोवर घरच्या किंवा वस्तीतल्या एका प्रतिष्ठित माणसाची सही लागते, आरोपीचीही लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालातल्या अकरा सूचनांतलं हे आहे, १८ डिसेंबर १९९६चा निकाल. आता ते त्याच संहितेच्या कलम ३६मध्ये आहे. अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची नोंद अटकेच्या वेळीच, त्यावर आरोपी आणि पोलीस दोघांच्या सह्या, दर ४८ तासांनी तपासणी, हेही त्याच निकालातलं. घोळ होतो तो या सगळ्याच्या आधी. संध्याकाळी 'जरा चौकशीला चल' म्हणून नेतात आणि अटक दाखवतात दुसऱ्या दिवशी दुपारी. आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचे चोवीस तास तिथून मोजतात. मधली रात्र कुठल्याच कागदावर नसते, आणि मार त्याच रात्री बसतो. त्या रात्रीचा कागद घरच्यांनी तयार करायचा: उचलल्याचं कळल्याबरोबर पोलीस आयुक्तांना आणि दंडाधिकाऱ्यांना ईमेल, त्यात वेळ, जागा, कोण घेऊन गेलं. ईमेलवरची वेळ कोणाला सहजासहजी मागे-पुढे करता येत नाही.

आणि या सगळ्यात साक्षीदार लागतो, केतकी. तू एकटी गेलीस तर तू पाहिलेलं सांगायला दुसरं कोणी नाही. तूच वकील आणि तूच साक्षीदार, असं चालत नाही. तुलाच काही झालं तर ते सांगणारंही कोणी नाही. बघ, लिहायचं नाही म्हटलं आणि लिहिलंच.

पत्रकार शीला बारसेंचं प्रकरण तू वाचलंस का? १९८२च्या मे महिन्यात त्या मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री कैद्यांशी बोलल्या. पाच जणींनी कोठडीत मारल्याचं सांगितलं. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्या पत्राचीच याचिका झाली आणि १५ फेब्रुवारी १९८३ला निकाल आला. बसूंच्या निकालाची सुरुवातही १९८६मधल्या एका पत्राने झाली. रिमांडला आणल्यावर 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का' हा जो प्रश्न तू रोज ऐकतेस, तो दंडाधिकाऱ्यांनी विचारलाच पाहिजे हे बारसेंच्या निकालात आहे. आता तो कसा विचारला जातो तेही तू बघतेस. पोलीस शेजारी उभा, आरोपी मान हलवतो, 'तक्रार नाही' अशी नोंद होते. त्याआधी पाच मिनिटं त्याच्याशी एकांतात बोलायला माग. दिसणारी खूण असेल तर ती रोजनाम्यात, कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, घ्या असं म्हण. बारसे रीतसर परवानगी घेऊन गेल्या होत्या, एवढं फक्त लक्षात घे.

पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं शनिवारच्या रात्रीचं चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज गेला का? सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीरसिंग सैनी निकालाप्रमाणे, २ डिसेंबर २०२०चा, आवाजासकट रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं असतं. 'सगळं फुटेज द्या' असा मोघम अर्ज करू नकोस. तारीख, रात्री ११ ते पहाटे ५, आणि कॅमेऱ्याची जागा लिही: ठाणे अंमलदारांची खोली, कोठडीसमोरचा पॅसेज, मागची बाजू. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एका वर्षाच्या आत, शुल्क नाही. राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग दोन्हीकडे एकदम टाकू नका. राज्याकडे प्रलंबित असेल तर राष्ट्रीय आयोग हात लावत नाही, आणि महिने फुकट जातात.

आपल्या देशाने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १४ ऑक्टोबर १९९७ला सही केली, अजून मान्यता दिलेली नाही. छळ रोखण्याचं २०१०चं विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत अडकलं. कोठडीत जखम झाली तर ती पोलिसांनीच केली असं न्यायालयाने गृहीत धरता यावं, ही विधी आयोगाची शिफारस १९८५ची आहे. २०१७मध्ये त्यांनी ती पुन्हा केली. कायद्यात ती नाही. म्हणून सिद्ध करायचं ओझं आजही त्या मार खाल्लेल्या माणसावर आणि तुझ्यावर आहे. ते हलकं करायला तुम्ही मंडळी भांडताय, याचा मला अभिमान आहे. शेजारच्या काकूंना मी सांगितलंसुद्धा. तुला सांगायला तोंड उघडलं की भलतंच बाहेर पडतं.

अण्णामामाला बरोबर नेत जा. त्याचं-तुझं जे झालं ते झालं. तो पोलीस खात्यात होता, स्टेशन डायरीत काय आणि कुठे बघायचं ते त्याला माहीत आहे. तुझ्या अशिलाला त्याची भीती वाटत असेल तर तो बाहेर बाकावर बसेल. मी विचारलं, हो म्हणाला. किंवा तुमच्यातलं दुसरं कोणीही चालेल. दाराबाहेर एक माणूस, चालू फोन घेऊन.

डबा अण्णामामाच आणून देईल. भाकऱ्या आहेत, लसणाची चटणी आहे, पट्टी रुमालात गुंडाळली आहे. गुरुवारी बेलापूरला रिमांड आहे म्हणालीस. रात्री कुठे जावं लागलं तर निघताना कोणाबरोबर जातेस तेवढं कळव. किती वाजले आहेत ते बघू नकोस, फोन मी उशाशीच ठेवते.

आई