फॅसिझम डावा की उजवा? आधी युनियनच्या ऑफिसचे काय झाले ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारी सातपूर कॉलनीतल्या टपरीवर पुतण्याने मोबाइल पुढे केला. "काका, नाझी पक्षाच्या नावातच 'समाजवादी' आहे. मुसोलिनीही आधी समाजवादीच होता. मग फॅसिझम डावाच ना?" पोरगा हुशार आहे, आणि त्याचे दोन्ही मुद्दे खरे आहेत. तरीही निष्कर्ष चुकतो.

मी अंबडच्या एका कारखान्यात ३१ वर्षे टर्नर होतो, त्यातली ११ वर्षे युनियनचा खजिनदार. पत्र्याची खोली, लोखंडी कपाट, त्यात वर्गणीची पावतीपुस्तके, एवढेच आमचे ऑफिस. त्यामुळे इतिहास वाचताना माझी नजर आधी तिकडेच जाते.

इटलीत फॅसिझम उभा करणारा मुसोलिनी आधी तिथल्या समाजवाद्यांच्या मुखपत्राचा संपादक होता. पण युद्धात उतरण्याची बाजू घेतली म्हणून १९१४ मध्ये पक्षाने त्याला काढून टाकले. १९२१ च्या सुमारास पो नदीच्या खोऱ्यात त्याच्या टोळ्या शेतमजुरांच्या संघटनांची आणि सहकारी संस्थांची कार्यालये जाळत फिरत होत्या. पैसा पुरवत होते बडे जमीनदार. त्याच वर्षी ३५ फॅसिस्ट निवडून आले आणि सभागृहात अगदी उजव्या टोकाच्या बाकांवर जाऊन बसले. डावे-उजवे हे शब्दच मुळी १७८९ मध्ये फ्रान्सच्या सभागृहात कोण कुठे बसले त्यावरून आलेले. १९२६ मध्ये इटलीत संपावर कायद्याने बंदी आली.

जर्मनीत तर हिटलरने १ मे १९३३ हा कामगार दिन सरकारी थाटात साजरा केला. दुसऱ्याच दिवशी युनियनची कार्यालये ताब्यात घेतली, नेत्यांना अटक केली, कामगारांनी वर्गणीतून उभा केलेला पैसाही नेला. हे वाचताना मला आमचे कपाट आठवते आणि पोटात गोळा येतो.

पुतण्याने पुढे विचारले, "आणि स्टालिन?" त्यानेही स्वतंत्र युनियन उरू दिली नाही, हे मी तिथेच मान्य केले. फॅसिझमला उजवा म्हटल्याने स्टालिनची पापे धुतली जात नाहीत. उद्योगांवर सरकारची पकड इटलीत आणि जर्मनीतही होती, हेही खरे. पण ती पकड बसवताना गिरणीमालक मालकच राहिला आणि कामगाराचा संप करण्याचा हक्क गेला.

आपल्या रविवार पुरवणीत एखाद्या इतिहास अभ्यासकाकडून यावर सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही विनंती. त्यात २ मे १९३३ चा दिवस वगळू नये.

— एक निवृत्त टर्नर, सातपूर, नाशिक