ऑलिव्हचे रोप विकताना जातीचे नाव सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या बागकामाच्या पानावर ऑलिव्हचे झाड गच्चीत किंवा अंगणात कसे लावावे याविषयी टिपण आले होते, ते वाचून हे पत्र लिहीत आहे. टिपणातील ऊन, पाणी आणि खताची माहिती उपयोगाची आहे. परंतु रोप विकत घेणाऱ्याला पैसे मोजण्याआधी ज्या दोन गोष्टी कळायला हव्यात, त्यांचा उल्लेख त्यात नव्हता. रोप नेमके कोणत्या जातीचे आहे आणि आपल्या हवेत ते फळणार आहे का, या त्या दोन गोष्टी.

नऊ वर्षांपूर्वी मी पुण्यातील एका रोपवाटिकेतून बाराशे रुपयांना ऑलिव्हचे रोप आणले. त्याच्या चिठ्ठीवर ‘ऑलिव्ह’ एवढा एकच शब्द होता आणि तीन वर्षांत फळ धरेल, असे मला तोंडी सांगण्यात आले. आज ते झाड माझ्या डोक्याच्या वर गेले आहे, त्याचा पाला निरोगी आहे, पण त्याला आजतागायत एकही फूल आलेले नाही. आंब्याचे रोप घेताना आपण हापूस की केसर, कलमी की रायवळ, हे विचारल्याशिवाय पिशवीला हात लावत नाही. ऑलिव्ह घेताना मात्र आपल्यापैकी जवळजवळ कोणीच तसे विचारत नाही, आणि विकणाराही आपण होऊन सांगत नाही.

ऑलिव्हला फूल न येण्याचे कारण खतात किंवा पाण्यात नसते, ते हिवाळ्यात असते. या झाडाच्या कळ्या तयार होण्यासाठी सलग काही आठवडे रात्री दहा अंशांच्या खाली आणि दिवसही गार, अशी थंडी लागते. माझी मुलगी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला राहते आणि तिच्या परसात ऑलिव्हची दोन झाडे आहेत. तिथे जुलै हा ऐन थंडीचा महिना, तेव्हा दिवसाचे तापमान सरासरी पंधरा आणि रात्रीचे सात-आठ अंश असते. पुण्यात जानेवारीतल्या रात्री अकरा-बारा अंशांपर्यंत उतरतात हे खरे, पण दुपारी पारा पुन्हा तिशीला टेकतो, आणि रात्रीच्या गारव्याने जे थोडेफार साधलेले असते ते दुपारच्या उन्हाने पुसले जाते. नाशिक-निफाडकडे काही रात्री कडाक्याच्या असतात, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, परंतु अशा रात्री मोजक्याच आणि त्यांच्या मागेपुढे उबदार दिवस असतात. आपल्याकडे संत्र्याचा किंवा डाळिंबाचा बहार धरण्यासाठी पाणी तोडून झाडाला ताण देतात. त्या अनुभवावरून ऑलिव्हलाही ताण द्यावा म्हणजे ते फुलेल, असा सल्ला मला दोन जाणकारांनी दिला. मी तो दोन उन्हाळे करून पाहिला. पाने गळाली, फूल आले नाही. पाण्याचा ताण थंडीची जागा घेऊ शकत नाही.

भारतात ऑलिव्ह होतच नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. राजस्थानात २००७ नंतर इस्रायलच्या साहाय्याने सरकारी पातळीवर ऑलिव्हची लागवड झाली, इस्रायलमधून सात जातींची रोपे आणण्यात आली आणि बिकानेर जिल्ह्यात लूणकरणसर येथे तेल काढण्याचा कारखानाही उभा राहिला. परंतु तिथल्या वाळवंटी भागात हिवाळ्यातल्या रात्री खरोखर थंड असतात आणि पाऊस अगदी कमी पडतो. ‘राजस्थानात होते, मग पुण्यात का नाही’ हे वाक्य रोपवाटिकेत हमखास ऐकू येते; त्याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे.

जातीची निवड म्हणूनच महत्त्वाची. स्पेनच्या कॅतालोनिया भागातली आर्बेकिना ही लहान चणीची, कुंडीत चांगली रुळणारी आणि तुलनेने कमी थंडीवर भागवणारी जात आहे. ती स्वतःच्याच परागावर बरेचसे फळ धरते, म्हणून एकच झाड ठेवू शकणाऱ्या घरासाठी ती सोयीची. ग्रीसची कोरोनेकी हीसुद्धा उष्ण हवेत टिकणारी, पण तिचे फळ बारीक आणि तेलासाठीचे. इटलीच्या लेचिनोसारख्या जातीला परागासाठी दुसऱ्या जातीचे झाड जवळ लागते. ऑलिव्हचे परागीभवन वाऱ्याने होते, त्यामुळे शेजारच्या अंगणात वेगळी जात असेल तरी ते पुरते. मुरवून खाण्यासाठी मोठे फळ हवे असेल तर मंझानिला किंवा कालामाता, पण या दोन्हींची आशा आपल्या दख्खनच्या पठारावर धरू नये. ज्यांची घरे हिमाचल किंवा उत्तराखंडच्या मध्यम उंचीवर आहेत, किंवा जे मराठी बांधव कॅलिफोर्निया, मेलबर्न, अ‍ॅडलेड अशा ठिकाणी राहतात, त्यांनी अवश्य फळासाठी झाड लावावे. पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर येथील बागप्रेमींनी ते रुपेरी पानांसाठी आणि डौलदार खोडासाठी लावावे, आणि तसे समजूनच त्याची किंमत मोजावी. रोप छाटापासून, म्हणजे फांदीच्या तुकड्यापासून, केले आहे की बियांपासून, हेही विचारावे, कारण बियांचे झाड अनुकूल हवेतसुद्धा फळाला येण्यास आठ-दहा वर्षे घेऊ शकते आणि त्यात मूळ जातीचे गुण उतरतीलच असे नसते.

याहून गंभीर गोष्ट अशी, की ‘ऑलिव्ह’ या नावाखाली भलतेच झाड विकले जाते. बंगाल आणि आसामात जिला जलपाई म्हणतात, ती आपल्या रुद्राक्षाची भाऊबंद आहे. तिचे आंबट हिरवे फळ दिसायला ऑलिव्हसारखे असल्याने तिला इंग्रजीतही ऑलिव्ह म्हणण्याचा प्रघात पडला. झाड चांगले आहे, लोणच्याला उत्तम आहे, कोकणासारख्या दमट हवेत ते आनंदाने वाढेल, पण ते ऑलिव्ह नव्हे. माझ्या एका परिचितांनी ऑलिव्ह म्हणून जे झाड सहा वर्षे जपले, ते जलपाई निघाले. दोन्हींतला फरक पानावरून चटकन कळतो. खऱ्या ऑलिव्हचे पान अरुंद, जाडसर, कडा अगदी सरळ, वरून करडे हिरवे आणि उलटून पाहिले तर चांदीचा हात फिरवल्यासारखे. आणि पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात. जलपाईचे पान रुंद, कडेला बारीक दाते असलेले, फांदीवर आळीपाळीने येणारे, आणि गळण्यापूर्वी लालभडक होणारे असते. रोप निवडताना पान उलटून पाहण्याची सवय ठेवली तरी निम्मी फसवणूक टळेल.

आता जोपासनेविषयी. ज्या भूमध्य सागराच्या किनाऱ्यावरून हे झाड आले, तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे नेमके उलटे आहे: झाड जोमाने वाढीला लागलेले असते तेव्हाच त्याच्या मुळांशी चार महिने पाणी राहते. माझ्या झाडाने चौथ्या पावसाळ्यात अचानक पाने टाकायला सुरुवात केली. मी पाणी कमी पडले असे समजून आणखी घातले. ऑगस्टच्या अखेरीस कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढला, तेव्हा खालची मुळे काळपट, मऊ झाली होती, बोटात धरताच साल हातात येत होती आणि मातीला कुजका वास होता. रोपवाटिकेने रोप जवळजवळ निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, दिले होते, मी ते तसेच मोठ्या कुंडीत बसवले होते, आणि कुंडीखालची बशी सदैव भरलेली असे. कुजलेली मुळे कापून टाकली, वरच्या फांद्याही त्या मानाने छाटल्या, आणि दोन भाग मुरूम, एक भाग जाड वाळू, एक भाग बागेतली माती आणि ओंजळभर शेणखत अशा मिश्रणात झाड पुन्हा लावले. तळाशी विटांचे तुकडे घातले आणि बशी काढून टाकली. नोव्हेंबरात शेंड्याला पहिले फुटवे दिसले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली, पण उघड्या वाऱ्यात असते. जमिनीत लावणाऱ्यांनी काळ्या मातीत खड्डा घेऊन झाड लावू नये. ऑलिव्हला चुनखडीची, अल्कधर्मी जमीन चालते, पण काळी माती पावसात पाणी धरून ठेवते. मुरमाड उतारावर किंवा दीड-दोन फूट उंच वाफ्यावर लावावे. छाटणी पावसाळा पूर्ण ओसरल्यावर, कोरड्या हवेत करावी, आणि झाडाचा मध्य मोकळा ठेवावा म्हणजे ऊन-वारा आतपर्यंत जातो.

फळ आले तरी ते तोडून थेट खाता येत नाही, हेही टिपणात यायला हवे होते. कच्च्या फळातला ओल्युरोपीन हा घटक इतका कडू असतो की एक घास घेतला तरी जीभ बराच वेळ सावरत नाही. मुलीच्या शेजारी एक वयस्कर ग्रीक बाई राहतात. त्यांनी आम्हाला फळे मुरवायला शिकवली. प्रत्येक फळाला सुरीने एक चीर द्यायची, बरणीत पाणी घालून दहा-बारा दिवस रोज पाणी बदलायचे, मग मिठाच्या पाण्यात काही आठवडे मुरत ठेवायचे. मीठ पुरेसे झाले की नाही हे त्या कच्चे अंडे पाण्यात सोडून पाहत. अंडे वर तरंगून नाण्याएवढा भाग उघडा राहिला की मीठ बरोबर. लोणच्याच्या खारात वाढलेल्या माझ्या हाताला ते काम लगेच ओळखीचे वाटले. मात्र त्याच अ‍ॅडलेडच्या टेकड्यांवर पक्ष्यांनी बिया पसरवल्याने ऑलिव्ह रान होऊन माजले आहे आणि तिथे ते उपद्रवी झाड म्हणून घोषित आहे, म्हणून मुलगी एकही फळ झाडावर सोडत नाही.

माझी विनंती रोपवाटिका चालवणाऱ्यांना आहे. फळरोपांच्या विक्रीसाठी परवाना घेण्याचा कायदा महाराष्ट्रात १९६९ पासून आहे, आणि आंबा-चिकूच्या कलमांना जातीची चिठ्ठी लावण्याची पद्धत सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. तीच चिठ्ठी ऑलिव्हलाही लावावी: जातीचे नाव, छाटाचे की बियांचे, आणि ‘या भागात फळाची खात्री नाही’ एवढे एक वाक्य. ज्यांना केवळ ऑलिव्हच्या कुळातले झाड अंगणात हवे आहे, त्यांना पारिजातक, जाई, जुई, मोगरा ही त्याच कुळातली झाडे सुचवावीत. सह्याद्रीच्या जंगलातले पारजांभूळ तर ऑलिव्हचे अगदी सख्खे भावंड आहे आणि आपला पाऊस त्याला जन्मापासून ठाऊक आहे. त्याची रोपे मात्र मला अजून एकाही रोपवाटिकेत मिळालेली नाहीत. कोणी वाचक ती तयार करत असतील, तर त्यांनी आपल्या या सदरातून अवश्य कळवावे.

आपला नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे