घेटुळीच्या बाटलीविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा निघताना फडताळातली घेटुळीच्या काढ्याची बाटली आणि सराट्याच्या चूर्णाची पुडी मी न विचारता पिशवीत टाकून आणली. आई, तू शोधत बसशील म्हणून आधी हेच कळवते. डॉक्टरांशी मी बोलले असून, बाबांचे सिस्प्लॅटिनचे, म्हणजे कर्करोगावरच्या औषधाचे, डोस संपेपर्यंत काढा बंद ठेवावा, असेच त्यांचेही म्हणणे आहे.

तुझे मुळीच चुकले नाही. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साठून त्यांना इजा करते, आणि पुनर्नवा (म्हणजे आपली घेटुळी), गोखरू (म्हणजे सराटा), हळद यांचे अर्क पाजलेल्या उंदरांत ती इजा कमी झाल्याचे प्रयोग खरोखरच प्रसिद्ध झाले आहेत. मावशीने पाठवलेला लेख मी दोनदा वाचला. परंतु अशा प्रयोगांत बहुधा निरोगी उंदरांना काही दिवस अर्क देऊन मग औषधाची एकच मोठी सुई टोचतात आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन मोजतात. त्या उंदरांच्या घशात गाठ नसते. जो अर्क मूत्रपिंडाला औषधापासून वाचवील, तो गाठीलाही वाचवणार नाही ना, या माझ्या शंकेला तिथे उत्तरच मिळत नाही. शिवाय घेटुळीत पोटॅशियम बरेच असते, ते दुखावलेल्या मूत्रपिंडाला झेपत नाही, आणि झाडपाला आहे म्हणून निर्धोक, असेही नसते: 1990 च्या दशकाच्या आरंभी ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या औषधात एका वनस्पतीऐवजी चुकून ॲरिस्टोलोकिया गेली आणि कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली.

माझ्या काविळीत तू हाच काढा चमच्यावर साखर पेरून पाजला होतास, हे मी विसरलेले नाही. बाटली पिशवीत ठेवताना झाकणाला तोच वास आला आणि क्षणभर परत ठेवून द्यावी असे वाटले.

बाबा, आता तुमच्यासाठी. सुईच्या आधी आणि नंतर सलाइन चढवतात ते मूत्रपिंडासाठीच आहे, त्यामुळे वेळ लागतो म्हणून नर्सबाईंवर चिडू नका. घरीही ठरवून दिलेले पाणी प्यायचेच. गार पाणी घशाला झोंबत असेल तर आई कोमट करून देईल. गुडघा दुखला तरी डब्यातली डायक्लोफेनॅक घ्यायची नाही, ती मूत्रपिंडाला याच दिवसांत भोवते. रोज सकाळी वजन वहीत लिहा, आणि लघवी कमी झाली किंवा उलट्या थांबेनात तर सकाळची वाट न पाहता वॉर्डात फोन करा.

आई, खिमटाचे तांदूळ आणि मऊ उशी शनिवारी आणते. परसातली घेटुळी उपटू नकोस.

तुमची,
धाकटी